संगणकांची इर्जिक

प्वेर्तो रिको बेटावर अरेसिबो शहराजवळच्या डोंगरात, एका नैसर्गिक खळग्यात ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. १९९९ साली ती जे ऐकायची ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पोचायचं ते टपालाने. टेपांवर नोंदी भरायच्या, टेपा खोक्यात घालायच्या, खोकं रवाना करायचं. दुर्बिणीच्या इंटरनेट जोडणीला एवढा भार पेलत नव्हता. बर्कलीत त्या नोंदींचे बारीक तुकडे व्हायचे आणि हे तुकडे मात्र इंटरनेटवरून निघायचे, ते थेट जगभरातल्या लोकांच्या घरी. घरचा माणूस जेवायला उठला किंवा झोपला, की त्याच्या टेबलावरचा संगणक त्या तुकड्यात परग्रहावरून कुणाची हाक आली आहे का, ते तपासत बसायचा.

या उपक्रमाचं नाव ‘सेटी ॲट होम’. १७ मे १९९९ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. कल्पना डेव्हिड गेडी यांची, १९९५ मधली. ती उभी केली डेव्हिड अँडरसन, डॅन वर्थिमर आणि एरिक कॉर्पेला यांनी. त्यामागे हौस होती तशी अडचणही होती. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांच्या शोधावर नासा करत असलेला खर्च अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्येच बंद पाडला होता. असल्या शोधासाठी महासंगणकावर वेळ मागायला गेलं तर दारात कोण उभं करणार? लाखभर लोक आले तरी पुष्कळ, असा आयोजकांचा अंदाज होता. आले त्याच्या कितीतरी पट. पुढच्या काही वर्षांत हा आकडा पन्नास लाखांच्या पलीकडे गेला. सुरुवातीला तर अशी पंचाईत झाली की काम करणारे उदंड आणि काम थोडं. नवे तुकडे पाडायला सर्व्हर पुरेनात, म्हणून तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा वाटावे लागले.

एका तुकड्यात असायचं काय? हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओलहरी सोडतो. त्या वारंवारितेभोवतीचा २.५ मेगाहर्ट्झचा पट्टा दुर्बीण टिपायची. पट्ट्याच्या २५६ चिंध्या करायच्या, एकेका चिंधीतले साधारण १०७ सेकंद कापायचे, की झाला एक तुकडा, सुमारे एक तृतीयांश मेगाबाइटचा. टेलिफोनच्या तारेवरून चाचपडत येणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटवरही तो काही मिनिटांत उतरायचा. त्यावरचं काम मात्र घरच्या संगणकाला तासन्‌तास पुरायचं, यंत्र जुनं असेल तर काही दिवस. आकाशातला एखादा बिंदू दुर्बिणीच्या टप्प्यातून सुमारे १२ सेकंदांत सरकून जातो. तेव्हा संकेत खरोखर आकाशातला असेल, तर तो तेवढ्या वेळात चढून उतरला पाहिजे. शिवाय पाठवणाऱ्याचा ग्रह फिरत असणार, आपला तर फिरतोच आहे, त्यामुळे संकेताची वारंवारिता हळूहळू सरकत जाणार. किती वेगाने, ते ठाऊक नाही. म्हणून सरकण्याचे हजारो वेग एकामागून एक गृहीत धरून तेच १०७ सेकंद पुन्हा पुन्हा चाळायचे. आणायला काही मिनिटं आणि चाळायला दिवस, हे व्यस्त प्रमाण या सगळ्या प्रकाराचं मर्म आहे. ज्या प्रश्नात ते सापडतं तोच प्रश्न घरोघरी वाटता येतो.

गावाकडे इर्जिक पाहिलेल्या वाचकाला ही व्यवस्था लगेच उमजेल. एकाच्या रानात काम तुंबलेलं असतं, पाऊस तोंडावर आलेला असतो, बैल कमी पडतात. तो गावाला सांगावा धाडतो. ज्याला जमेल तो आपली जोडी नि औत घेऊन येतो आणि एका दिवसात रान होऊन जातं. मजुरी नसते, जेवण मात्र शेतमालकाने पोटभर घालायचं. या पुस्तकात जे सांगायचं आहे तेही इर्जिकीतल्याच तीन प्रश्नांभोवती फिरतं. आलेल्याने नांगर खोल घातला की वरवर ओरखडे काढले, हे कसं कळणार? बैलांची वैरण कुणाच्या पदरची? आणि पीक कुणाच्या घरात जाणार?

सेटी ॲट होम गाजलं म्हणून तेच पहिलं, असं पुष्कळांना वाटतं. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी ‘गिम्प्स’ सुरू केलं होतं. २ चा घात करून त्यातून १ वजा केला की येणाऱ्या संख्यांमधल्या मूळ संख्या शोधायच्या, एवढंच त्याचं काम. सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांचं नाव या संख्यांना आहे. १९९७ मध्ये ‘डिस्ट्रिब्यूटेड डॉट नेट’ आलं; त्यांनी कूटलिपीच्या किल्ल्या एकेक करून लावून पाहण्याचं काम वाटून घेतलं. जानेवारी १९९९ मध्ये तेव्हाची सरकारमान्य ‘डेस’ ही कूटपद्धत त्यांनी आणि एका खास बनवलेल्या यंत्राने मिळून २२ तास १५ मिनिटांत फोडून दाखवली. गुपितं राखायला ही पद्धत आता पुरेशी नाही हे सांगायला तेवढं पुरे झालं. मग २००२ पासून अँडरसन यांनी ‘बॉइंक’ बांधायला घेतलं. कुणाही संशोधकाला आपला प्रश्न त्यावर मांडता यावा आणि लोकांना एकाच प्रोग्राममधून हवे ते प्रकल्प निवडता यावेत, अशी ही सामाईक यंत्रणा. आजचे बहुतेक प्रकल्प तिच्यावरच चालतात.

पहिला प्रश्न मला सगळ्यांत रोचक वाटतो आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. विज्ञानाला काटेकोरपणा लागतो, आणि इथे काम करणारे संगणक कुठले, तर कुणाच्या माजघरात धूळ खात पडलेले, कुणी वेग वाढवण्यासाठी क्षमतेपलीकडे ताणलेले, पंखा बिघडल्याने तापणारे. तापलेला संगणक चुकीची बेरीज करतो आणि चुकल्याचं सांगतही नाही. त्यात माणसाचा स्वभाव. सेटी ॲट होमने कुणी किती तुकडे पुरे केले याची क्रमवारी लावली, आणि क्रमवारी म्हटली की चढाओढ आली. काहींनी प्रोग्राममध्ये फेरफार करून काम न करताच उत्तरं पाठवायला सुरुवात केली. गंमत बघा, फुकट करायच्या कामात लबाडी!

उपाय साधा निघाला: एकच तुकडा परस्परांना अनोळखी अशा दोघा-तिघांना द्यायचा आणि उत्तरं जुळली तरच धरायची. पण जुळणं म्हणजे काय, इथेच गुंता होता. वेगवेगळ्या बनावटीचे प्रोसेसर दशांश स्थळांचं गणित किंचित वेगळ्या तऱ्हेने पूर्णांकित करतात. एकदा केलेल्या गणितात हा फरक नगण्य असतो. हवामानाच्या किंवा रेणूंच्या गणितात लाखो पावलांनंतर तो एवढा फुगतो की दोन्ही उत्तरं बरोबर असूनही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून काही प्रकल्प तोच तुकडा मुद्दाम एकाच जातीच्या संगणकांना देतात. काही प्रकल्प ज्या यंत्राची उत्तरं बराच काळ खरी ठरली आहेत त्याच्यावर हळूहळू अधिक भरवसा टाकतात आणि मधूनच अचानक एखादी तपासणी घेतात. गिम्प्समध्ये प्रत्येक संख्येची चाचणी दोनदा व्हायची, दोन वेगळ्या यंत्रांवर. २०२० पासून तिथे वेगळी रीत आहे: चाचणी करणारा संगणक उत्तरासोबत एक गणिती पुरावाही पाठवतो, आणि तो पडताळायला मूळ कामाच्या मानाने अगदी थोडं गणित पुरतं. दुसऱ्यांदा करायची सगळी मेहनत वाचली.

याच गिम्प्सचा ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम प्रोसेसरला इतका रगडतो की नवा संगणक बांधणारे त्याची ताकद जोखायला तो वापरतात. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष या रगडण्यातून उघड झाला. विशिष्ट गणित करताना यंत्र गोठायचं. इंटेलने तो मान्य करून दुरुस्ती दिली. मूळ संख्यांच्या नादी लागलेल्या हौशी मंडळींचा हा उपयोग कुणी आधी कल्पिलाही नसेल.

एकमेकांना न ओळखणाऱ्या, कुठल्याही कराराने न बांधलेल्या माणसांच्या बेभरवशी यंत्रांतून भरवशाचं उत्तर काढण्याची ही रीत मला त्यातून निघालेल्या बऱ्याचशा शोधांपेक्षा मोठी वाटते. परग्रहवासी सापडले नाहीत. त्या शोधासाठी रचलेली शिस्त मात्र पुढच्या सगळ्यांच्या कामी आली.

आता कुठलं काम असं वाटता येतं आणि कुठलं नाही. उद्याचा पाऊस सांगायचा तर पृथ्वीच्या नकाशावर चौकडी आखून प्रत्येक चौकोनातली हवा शेजारच्या चौकोनावर काय परिणाम करते ते क्षणाक्षणाला पाहावं लागतं. एक चौकोन नाशकात, शेजारचा नागपुरात वेगळ्या घरी ठेवला, तर सगळा वेळ निरोपानिरोपीत जाईल. हे काम एकाच छताखालच्या महासंगणकाचं. पण ऑक्सफर्डच्या माइल्स ॲलन यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये वेगळी तोड सुचवली: पृथ्वी वाटू नका, अख्खी पृथ्वीच एकेका घरी द्या. हवामानाच्या प्रतिमानात ढग कसे बनतात, पाऊस कसा सुटतो यासाठी अंदाजाने धरलेले आकडे असतात. ते प्रत्येक घरी थोडे वेगळे ठेवायचे, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट करायचा आणि हजारो घरांतल्या हजारो पृथ्वींचं काय होतं ते बघायचं. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ने हेच केलं. जानेवारी २००५ मध्ये त्यांचा पहिला मोठा निबंध आला तेव्हा तापमानवाढीची उत्तरं दोन अंशांखालपासून अकरा अंशांच्या वरपर्यंत पसरलेली होती. वर्तमानपत्रांनी अकरा तेवढे उचलले. खरं तर निबंधाचा जीव त्या पसाऱ्यात होता: एकाच प्रतिमानातून, तितक्याच समर्थनीय आकड्यांनी, किती वेगळी भविष्यं निघू शकतात हे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर मोजलं गेलं होतं. अशी एक पृथ्वी चालवायला घरच्या संगणकाला कित्येक आठवडे लागत. त्याच काळात आपल्याकडे खेड्यापाड्यांत आणि तालुक्यांच्या गावांत भारनियमन जोरात होतं. झालेलं काम मधूनमधून जपून ठेवण्याची सोय या प्रोग्राममध्ये नसती, तर महाराष्ट्रातली एकही पृथ्वी शेवटापर्यंत पोचली नसती.

मराठी वाचकाच्या जवळचा प्रकल्प म्हणाल तर मी ‘आइन्स्टाइन ॲट होम’कडे बोट दाखवेन. फेब्रुवारी २००५ मध्ये तो ब्रूस ॲलन यांनी सुरू केला; जर्मनीतल्या हॅनोव्हरची माक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ त्याच्यामागे आहेत. ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या नोंदींत तो अशा लहरी शोधतो, पण गाजलेल्या नव्हेत. दोन कृष्णविवरं आदळली की क्षणभर उठणारी लहर २०१५ मध्ये सापडली. आइन्स्टाइन ॲट होमला हवी आहे ती अखंड चालणारी, अतिशय मंद गुणगुण. न्यूट्रॉन तारा अगदी गोल नसेल, त्याच्यावर मिलिमीटरभर उंचवटा असेल, तर तो फिरताना अशी लहर सोडत राहील. महिनोन्‌महिन्यांची नोंद एकत्र केल्याशिवाय ती गोंगाटातून वर येणार नाही, आणि त्या महिन्यांत पृथ्वी सूर्याभोवती कुठच्या कुठे गेलेली असते. म्हणजे आकाशातल्या प्रत्येक दिशेसाठी, प्रत्येक वारंवारितेसाठी, तारा मंदावण्याच्या प्रत्येक वेगासाठी वेगळी दुरुस्ती. गणित संपतच नाही. अशी लहर अजून सापडलेली नाही.

सापडलं ते दुसरंच. याच प्रकल्पाने अरेसिबोच्या जुन्या रेडिओ नोंदीही वाटल्या होत्या. २०१० मध्ये त्यांतून सेकंदाला जवळपास ४१ फेऱ्या मारणारा एक पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणारा न्यूट्रॉन तारा, बाहेर आला. ज्यांच्या संगणकांवर तो उमटला त्यात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक जोडपं आणि जर्मनीतल्या माइन्त्स शहरातला एक जण होता. ‘सायन्स’मधल्या निबंधात त्यांचा उल्लेख झाला. इर्जिकीतलं जेवण म्हणतात ते हेच. त्यानंतर रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींमधून डझनावारी पल्सार मिळाले.

आपला संबंध असा की लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर तर लायगो बांधून होण्याच्या कितीतरी आधीपासून, गोंगाटात बुडालेली गुरुत्वीय लहर गणिताने कशी उपसायची यावर काम करत होते. तारा नेमक्या कुठल्या दिशेला आहे हे सांगायला पृथ्वीवर दूरदूर पसरलेले कान लागतात, म्हणून हिंगोलीचं महत्त्व. तिथल्या नोंदी हाती येतील तेव्हा चाळायला प्रश्न तयार आहेत आणि पद्धतही.

२०२० च्या वसंतात या जगात जे घडलं ते पुन्हा कधी घडेल असं वाटत नाही. ‘फोल्डिंग ॲट होम’ हा प्रकल्प स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी २००० साली सुरू केला होता. प्रथिनांचे रेणू कसे घडी घेतात, कसे हलतात हे तो संगणकावर चालवून बघतो. रेणूच्या हालचालीचं एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचं धरावं लागतं; फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. प्रथिनाचं एक मिलिसेकंदाचं आयुष्य पाहायचं तर अशी ५०० अब्ज पावलं टाकायला हवीत. एकाच यंत्रावर ती सलग टाकणं अवघड, म्हणून छोट्या छोट्या असंख्य चाली वेगवेगळ्या घरी चालवायच्या आणि संख्याशास्त्राने त्या जोडायच्या. करोनाची साथ आली, तोवर प्रकल्पाची सूत्रं ग्रेग बाउमन यांच्याकडे आली होती. त्यांनी विषाणूच्या प्रथिनांचं काम वाटायला घेतल्यावर घरात कोंडलेले लोक लाखांनी आले. त्या मार्चमध्ये या विखुरलेल्या यंत्रांची एकत्र ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या क्रियांच्या पलीकडे गेली. तोवर जगातल्या कुठल्याही महासंगणकाने ती रेषा ओलांडली नव्हती. पुन्हा तेच झालं, काम कमी पडलं, आणि पुष्कळ संगणक रिकामे ताटकळले.

मिळालं काय? विषाणूचं काट्यासारखं प्रथिन किती उघडतं आणि उघडल्यावर त्यात औषधाला शिरायला कुठे फट मिळते, याची चित्रं मिळाली. ‘कोविड मूनशॉट’ या खुल्या मोहिमेत कुठले रेणू प्रत्यक्ष बनवून पाहावेत याची निवड करायला ही गणितं वापरली गेली. लगेच हातात गोळी पडली नाही, आणि तशी पडते असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. संगणक शेकडो रेणूंतून दहा निवडून देतो. ते दहा बनवणं, पेशींवर, प्राण्यांवर, माणसांवर तपासणं यात वर्षं जातात आणि त्यातले बहुतेक गळतात.

हल्ली एक शंका हमखास निघते: कृत्रिम बुद्धिमत्तेने हे सगळं निकालात काढलं ना? प्रथिनाचा स्थिर आकार ओळखण्यापुरतं बरंचसं काढलं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. अर्धा वाटा मात्र नवी प्रथिनं रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांचा होता, आणि त्यांच्या प्रयोगशाळेचा ‘रोझेटा ॲट होम’ २००५ पासून लोकांच्या संगणकांवर चालत आला आहे. त्याचा स्क्रीनसेव्हर बघत बसलेले काही जण कळवू लागले की यंत्र इथे उगाच चाचपडतंय, ही साखळी आम्ही याहून बरी वळवली असती. त्यातून २००८ मध्ये ‘फोल्डइट’ हा खेळ निघाला. स्थिर आकार कळला तरी रेणू हलतो कसा हा प्रश्न उरतोच, आणि फोल्डिंग ॲट होमचं काम त्यावरच आहे.

आता वैरण. ‘रिकामा संगणक नाहीतरी वायाच जातो’ हे या चळवळीचं जुनं घोषवाक्य. १९९९ साली ते बऱ्याच अंशी खरं होतं. त्या वेळचे घरगुती संगणक काम असो वा नसो, विजेच्या बाबतीत फारसा फरक करत नसत. आजचा प्रोसेसर काम नसलं की जवळजवळ झोपतो. त्याला उठवून कामाला लावलं की मीटर पळतो. समजा जादा १०० वॉट लागले. चोवीस तासांचे २.४ युनिट, महिन्याचे ७२. खेळासाठी घेतलेलं दांडगं ग्राफिक्स कार्ड २५० वॉट ओढत असेल तर १८०. आपल्याकडे वापर वाढला की वरची युनिटं वरच्या टप्प्याच्या दराने लागतात, तेव्हा ज्या घराचं बिल एरवी शंभर युनिटांच्या आत असतं, त्या घराला हे दान चांगलंच जाणवेल. युरोपातले लोक म्हणतात की वीज शेवटी उष्णताच होते, हिवाळ्यात तेवढाच हीटर कमी लावावा लागतो. त्यांचं खरं आहे. चंद्रपुरात मे महिन्यात हाच हिशेब उलटा फिरतो: आधी संगणकाने खोली तापवायची आणि मग ती थंड करायला पुन्हा वीज.

म्हणूनच मला या विषयावरचं भाबडं प्रचारकी लिखाण खटकतं. पडून राहिलेलं द्या, तुमचं काही जात नाही, असं सांगणं आज खोटं आहे. काहीतरी जातंच, आणि ते जाणून दिलं तर ते अधिक मोलाचं. ज्याला परवडत नाही त्याने देऊ नये, यात कमीपणा नाही. ज्याच्या छतावर सौर पॅनेलं आहेत त्याने भर दुपारचे तासच द्यावेत. फोनवरूनही हे करता येतं, आणि बॉइंकचं ॲप मुळातच फोन चार्जिंगला असताना, वायफायवर आणि बॅटरी जवळपास भरलेली असतानाच काम करतं. तरी फोन हाताला गरम लागला तर थांबवलेलं बरं.

दुसऱ्याच्या गोठ्यातले बैल मात्र न्यायचे नाहीत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागातल्या माणसाने संस्थेच्या संगणकांवर डिस्ट्रिब्यूटेड डॉट नेटचा प्रोग्राम बसवला. त्याच्यावर फौजदारी आरोप झाले, आणि २००२ मध्ये प्रोबेशन, दंड आणि समाजसेवा अशा तडजोडीवर प्रकरण मिटलं. शिक्षा अवास्तव होती असं माझं मत आहे, पण बँकेच्या, शाळेच्या, कचेरीच्या संगणकावर परवानगीवाचून काही बसवू नये हे तेवढंच खरं.

राहिलं पीक. सामान्य देणगीदार हा प्रश्न विचारत नाही, आणि या पुस्तकाचा निम्मा खटाटोप त्यासाठी आहे. गणित लोकांच्या विजेवर झालं. त्यातून निघालेली माहिती कुणाची? आयबीएमने २००४ मध्ये सुरू केलेल्या आणि आता टोरंटोच्या क्रेंबिल संशोधन संस्थेकडे असलेल्या ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ने संशोधकांना अटच घातली की निष्कर्ष आणि माहिती सर्वांना खुली करावी. कोविड मूनशॉटने पेटंट न घेता सगळं उघड्यावर ठेवलं. जपानच्या शिओनोगी कंपनीला एन्सिट्रेल्विर हे औषध शोधताना त्या खुल्या माहितीचाही आधार झाला. कंपनीने कमावलं म्हणून कुणी नाक मुरडेल. मी मुरडणार नाही, कारण तीच माहिती दुसऱ्या कुणालाही उचलता आली असती. जे प्रकल्प वर्षानुवर्षं गुण आणि क्रमवारी वाटतात पण एकही निबंध दाखवत नाहीत, त्यांच्याबद्दल मात्र पुढच्या प्रकरणांत मी हात आखडता घेतलेला नाही. विज्ञानाच्या नावाखाली आभासी चलनाचं खनन करवून घेणारे भामटेही आहेत. त्यांना ओळखण्याची सोपी खूण म्हणजे प्रकल्पाच्या मागे कुठली संस्था आणि कुठली माणसं आहेत ते सापडत नाही.

ही चळवळ आज भरात आहे असं म्हणवत नाही. सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे वाटणं थांबवलं. कारण सरळ होतं: चाळण्याजोगं बहुतेक चाळून झालं होतं आणि निष्कर्ष काढायला माणसांना वेळ हवा होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. लोकांच्या संगणकांनी वेचलेले सुमारे १२ अब्ज संशयित संकेत गाळत गाळत शंभराच्या घरात आणले गेले आणि आकाशातल्या त्या जागांकडे आता चीनमधली ‘फास्ट’ दुर्बीण वळवली आहे. तिकडे गिम्प्समध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. आधीचा विक्रम २०१८ मध्ये एका साध्या घरगुती संगणकाने केला होता. हा मात्र एका हौशी माणसाने १७ देशांतल्या डेटा सेंटरांमध्ये भाड्याने घेतलेल्या हजारो ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर केला. हौस तीच, पण बैलजोडीऐवजी भाड्याचे ट्रॅक्टर आले आहेत. घरच्या एका संगणकाचा वाटा याने लहान होत जाणार, हे कबूल केलेलं बरं. ज्या प्रश्नांना पैसेवाला धनी नाही, म्हणजे दुर्लक्षित रोग, मंद पल्सार, उपयोग नसलेल्या संख्या, तिथे तो अजून मोजला जातो.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात प्रकल्पांचा इतिहास आहे, दुसऱ्यात गणित. गणिताला बिचकणाऱ्याने दुसरा भाग नंतर वाचला तरी चालेल, पण पडताळणीचं प्रकरण गाळू नये. चालू प्रकल्पांची यादी मुद्दाम दिलेली नाही, कारण प्रकल्प सुरू होतात आणि संपतात, आणि छापलेली यादी वर्षभरात शिळी होते. त्याऐवजी कुठलाही प्रकल्प समोर आला तर त्याला काय विचारायचं ते तिसऱ्या भागात आहे. ज्यांना वाचता वाचता करूनच पाहायचं असेल, त्यांनी बॉइंक उतरवल्यावर प्रकल्प निवडण्याआधी सेटिंगमध्ये जावं, प्रोसेसरचा वापर निम्म्यावर आणावा, ‘संगणक वापरात असताना काम थांबवा’ या पर्यायावर खूण करावी आणि पहिल्या महिन्याचं वीजबिल आल्यावर पुढचं ठरवावं.